कोवळा क्वार्टरबॅक आणि त्याच्यापुढचे पाच जाडे

अमेरिकन फुटबॉल माझ्या आयुष्यात आला तो अशा वयात, जेव्हा माझ्या बरोबरीच्या बायका गुडघ्याला कुठलं तेल चांगलं याची चौकशी करतात. ती चौकशी मीही करते. पण या हिवाळ्यात माझ्या डोक्यात दुसरंच एक कोडं मुक्काम ठोकून आहे. कॉलेजात ज्या पोराला लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं, तेच पोरगं पगारी खेळात आलं की तोंडावर का आपटतं?

आपटतं म्हणजे खरोखरच आपटतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मेथी निवडत बसले होते. टीव्हीवर एक पोरगं, दाढी धड फुटलेली नाही, हातात चेंडू घेऊन उभं होतं आणि समोरून रेड्यांसारखी माणसं त्याच्या अंगावर येत होती. पोरगं आडवं झालं. उठलं. पुन्हा आडवं झालं. माझी जुडी निवडून संपली तरी त्याचं आडवं होणं संपेना.

"काय गुन्हा केलाय गं यानं?" मी नातीला विचारलं.

"तो क्वार्टरबॅक आहे, आज्जी."

"ते असेल. गुन्हा काय केलाय?"

एरवी माझ्या अशा बोलण्यावर ती सोफ्यावरून घरंगळते. त्या दिवशी हसलीसुद्धा नाही. तेव्हाच मला कळलं की पाणी कुठंतरी मुरतंय.

माझी नात मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीत देते, मधूनच एखादं अरबी 'यल्ला' नाहीतर 'खलास' टाकून. इथं तिचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. तिनं वाचलं तर म्हणेल, मी असं बोललेच नव्हते. वाचणार नाही, म्हणून निर्धास्त आहे.

खेळ मला समजला तेवढा सांगते. तोंडल्याच्या आकाराचा, दोन्हीकडं टोकं असलेला चेंडू. एका बाजूनं तो पुढं न्यायचा, दुसऱ्या बाजूनं अडवायचा. एक जाडा माणूस ओणवा होऊन पायांतून चेंडू मागं देतो, तो ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. आता हा चेंडू लांब फेकायचा, की शेजाऱ्याच्या हातात द्यायचा, की स्वतःच घेऊन पळायचा, हे त्यानं डोळ्यांची उघडझाप होईस्तोवर ठरवायचं. बरोबर ठरलं तर झेलणाऱ्याचं कौतुक. चुकलं तर सगळा देश त्याच्या नावानं बोटं मोडतो. सामने आमच्याकडं रात्री लागतात, म्हणून नात दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर रेकॉर्डिंग बघते, आणि तोवर घरात कुणी निकाल उच्चारायचा नाही असा तिचा हुकूम आहे. मी सकाळीच फोनवर निकाल बघून ठेवते. उच्चारत नाही. नुसती गालात हसत घरभर फिरते. तिला तेवढंही पुरतं छळायला.

तर मुरलेलं पाणी असं होतं. नातही क्वार्टरबॅक आहे. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी मुलींचे सामने असतात, त्यात ती खेळते. त्यांचा प्रकार सौम्य; कुणी कुणाला पाडायचं नाही, कमरेच्या पट्ट्याला रंगीत फिती लावलेल्या असतात, त्यातली एक ओढून काढली की खेळ तिथंच थांबला. मागच्या शुक्रवारी तिनं फेकलेले चेंडू आपल्या मुलींपेक्षा समोरच्या मुलींनीच जास्त झेलले. त्यांच्या कोचबाई अमेरिकन आहेत, नवऱ्याच्या नोकरीपायी इथं आलेल्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "या शुक्रवारी सुरुवात तूच कर. पण नाही जमलं तर उरलेला हिवाळा ती जागा मला दुसरीला द्यावी लागेल." दुसरी म्हणजे एक उंच लेबनानी मुलगी, जिचा हात खरोखर लांब आहे. आणि हे ऐकल्याबरोबर माझ्या लेकीनं, म्हणजे नातीच्या आईनं, जाहीर करून टाकलं की जागा गेली तर खेळही बंद. दहावीचं वर्ष आहे, शुक्रवारची दुपार गणिताच्या क्लासला.

म्हणजे पोरीचा सगळा हिवाळा एका शुक्रवारावर येऊन टेकला होता. आणि टीव्हीवर त्याच वेळी त्या कोवळ्या पोराला त्याच्या कोचनं मैदानाबाहेर बोलावलं आणि टोपी घालून कडेला बसलेल्या एका जुन्या खेळाडूला आत पाठवलं. नातीनं टीव्ही बंद केला.

"आता तो कधीच परत येणार नाही," ती म्हणाली.

"मेला नाहीये तो. पाणी पितोय बाटलीतनं. लाव परत."

तिनं लावला नाही. मीच लावला, रिमोटची तीन चुकीची बटणं दाबून. कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

संध्याकाळी जावई ऑफिसातून आले. ते आयटीत आहेत आणि जगातला कुठलाही प्रश्न त्यांना सिस्टिमचा वाटतो. मी विचारलं, "जावईबापू, त्या पोराचा हात कमजोर आहे का?"

"आई, हात सगळ्यांचेच मजबूत असतात. त्याशिवाय तिथवर पोचतच नाहीत."

"मग डोकं?"

"डोकंही असतं."

"मग नसतं काय?"

"अनुभव. मार खाल्ल्याशिवाय शिकत नाही माणूस."

नात आतून ओरडली, "बाबा, मार खाऊन फक्त मार खायला शिकतो."

हे मला पटलं. मग मी त्या आठवड्यात घरातलं साठवलेलं सगळं रेकॉर्डिंग बघून काढलं. लेक म्हणाली, "आई, तू दुपारची झोपत का नाहीस?" मी म्हटलं, मला अभ्यास आहे. अभ्यासात मला पहिले दिसले ते पाच जाडे. क्वार्टरबॅकच्या पुढं हे पाच जण ओळीनं उभे राहतात. त्यांचं काम एवढंच, येणाऱ्या रेड्यांना अंगावर घ्यायचं. चेंडूला हात लावायचा नाही, गोल करायचा नाही, कॅमेरा त्यांच्याकडं बघत नाही. मला ते फार आवडले. ज्या पोरापुढचे पाच जाडे भक्कम, ते पोरगं शांतपणे इकडंतिकडं बघून चेंडू टाकतं आणि टीव्हीवरचे सूटवाले म्हणतात, काय जन्मजात नेता आहे. ज्याच्या पुढचे जाडे ढिले, त्याला सूटवाले म्हणतात, याच्यात दमच नाही.

दुसरं दिसलं ते असं, की आपल्या त्या आडव्या होणाऱ्या पोराच्या टीमनं वर्षा-दोन वर्षांत कोचच बदलून टाकले होते. नातीनं समजावलं, नवा कोच आला की सगळ्या चालींची नावं नवी, खुणा नव्या, कुणी कुठं पळायचं ते नवं. पोरानं कालपर्यंत पाठ केलेलं सगळं विसरायचं.

"म्हणजे सासू बदलली," मी म्हटलं.

"आई, तुम्हाला तर एकच सासू होती ना?" जावयांनी विचारलं.

"एकच. पण तिला जावा चार. एक म्हणायची आधी मोहरी, दुसरी म्हणायची आधी हिंग, तिसरी म्हणायची फोडणी वरून घाल. आणि आमटी बिघडली की चौघी मिळून म्हणायच्या, हिला आईनं काही शिकवलंच नाही."

तिसरी गोष्ट, तो टोपीवाला. त्याची जागा त्या पोरानं घेतली होती, आणि तरी पोरगं बाहेर येऊन बसलं की हा पाटीसारखी स्क्रीन मांडीवर घेऊन त्याला फोटो दाखवत बसायचा, बघ, इथं तो माणूस मोकळा होता. मला नवल वाटायचं. ज्यानं आपलं पान उचललं त्यालाच हा घास कसा भरवतो? नात म्हणाली, त्याचं कामच ते आहे. असेल. पण त्याचा चेहरा बघून मला माझ्या नव्या नवरीच्या दिवसांतल्या मेसईदच्या काकू आठवल्या, आणि काकू आठवल्या की त्यांच्यासमोर उभी असलेली मीही आठवते, आणि मग हसू आवरत नाही.

मी दोह्यापासून लांब, तेलाच्या गावी दुखानला आले तेव्हा नवी नवरी होते. आमचे हे तेल कंपनीत, वस्तीतल्या एका बैठ्या घरात आमचा संसार. नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आले, आता हे गेल्यावर जावयाच्या व्हिसावर आहे. माझा स्वतःचा असा व्हिसा काही मला अजून लाभलेला नाही. तर ती नवी नवरी स्वतःला फार मोठी समजायची. साताऱ्याच्या कॉलेजात पाककलेच्या स्पर्धेत तिला कप मिळाला होता. पदार्थ होता फळांची होडी: कलिंगड कोरून केलेली होडी आणि त्यात द्राक्षांचे नावाडी. ती होडी कुणी खाल्ली नव्हती, नुसती बघितली होती. एवढ्या भांडवलावर ही शहाणी वाळवंटात उतरली आणि पहिल्याच सत्यनारायणाला म्हणाली, पंगत मी वाढते.

तेव्हा आमच्याकडं पूजा असली की दोह्याहून, मेसईदहून मराठी घरं आपापल्या गाड्या काढून यायची. पंगत हॉलमध्ये जमिनीवर. केळीची पानं तेव्हा कुठली, स्टीलची ताटं; पण त्यांना पानंच म्हणायचं. मेसईदच्या काकू, ज्यांचे यजमान खताच्या कारखान्यात होते, त्या अशा सगळ्या कार्यांच्या कर्त्या. त्या मला म्हणाल्या, "तू आधी मीठ-लिंबू वाढ गं. तुपाचं मी बघते."

मीठ-लिंबू. कप मिळवलेल्या मुलीनं मीठ वाढायचं. मी सरळ तुपाचं तपेलं त्यांच्या हातून काढून घेतलं.

आणि मग पंगतभर फिरले ती कशी? माझं ध्यान एकाच पानावर. आमचे हे भिंतीच्या कडेला बसले होते, नव्या सदऱ्यात, आणि ती बावळट कुणापुढंही वाकली तरी डोळे त्यांच्याच वरणभातावर. चार पानं झाली की परत त्यांच्याकडं. त्यांच्या भाताचं तळं झालं, बिचारे मान खाली घालून पोहत होते. पंगतीच्या पार टोकाला यांचे शिफ्टमधले एक सोबती बसले होते, रत्नागिरीचे मुसलमान, बोलायला तिखट. त्यांच्या भातावर तुपाचा थेंब नव्हता. त्यांनी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारलं, "वहिनी, तूप कुठं निघालंय ते तुमचे डोळे आधीच सांगतात. आम्ही सगळे उठून साहेबांच्या मांडीवर बसू काय?"

पंगत हसली ती हसतच राहिली. आमचे हे कानापर्यंत लाल. मी तपेलं तिथंच ठेवून स्वयंपाकघरात पळाले आणि फ्रीजच्या आड उभी राहिले, जसं काही फ्रीजच्या आड माणूस दिसत नाही.

काकू आल्या. रागावल्या नाहीत. तपेलंही परत माझ्या हातात दिलं नाही. म्हणाल्या, "हा हिवाळाभर तू मीठ वाढणार." आणि मी वाढलं. प्रत्येक कार्याला मीठ, लिंबू, फार तर चटणी. आधी मला तो अपमान वाटायचा. मग हळूहळू कळलं, मीठ वाढणाऱ्याला पंगत दिसते. कामच इतकं थोडं की डोळे मोकळे राहतात. कोण भराभर जेवतो, कोण डावखुरा आहे, कुणाच्या पानात भाजी तशीच आहे पण तो बोलणार नाही. आडवा हात धरून "नको, नको" म्हणणाऱ्यांतला कोण खरंच नको म्हणतोय आणि कोण अर्धी पळी घेणार आहे. काकू वरण घेऊन निघायच्या तेव्हा हात या पानावर, नजर दोन पानं पुढं, आणि तोंडानं तिसऱ्याचीच विचारपूस. त्यांची पळी कुठं वळणार ते कुणालाच आधी कळायचं नाही, आणि तरी कुणाचं पान कोरडं राहायचं नाही.

ही सगळी हकीकत मी नातीला सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "आज्जी, पंगतीत कुणी धावून अंगावर येत नाही."

"तुला आमच्या काळातले जेवणारे माहीत नाहीत."

"आणि मीठ वाढायला माझ्याकडं हिवाळा नाहीये. शुक्रवार आहे."

खरंच होतं ते. हा त्या पगारी पोरांचाही प्रश्न असणार. कुणाला मीठ-लिंबू वाढत वर्षभर कडेला बसायला मिळतं, आणि कुणाच्या हातात आल्या दिवशी तूप देतात, कारण लोकांनी ते बघायला तिकिटं काढलेली असतात.

तरी माझ्या गोष्टीतलं काहीतरी तिला लागलं असावं. तिनं रेकॉर्डिंग मागं नेलं. ते पोरगं चेंडू हातात घेतल्यापासून फेकेपर्यंत एकाच माणसाकडं तोंड करून उभं होतं, आणि समोरचा एक चपळ गडी त्याच्या तोंडाकडं बघत बघतच त्या जागी जाऊन पोचला. चेंडू येण्याआधी तो तिथं हजर. मग तिनं फोनवर मागच्या शुक्रवारची स्वतःची फिल्म लावली. टीममधली तिची जिवाभावाची मैत्रीण डावीकडं पळत होती आणि आमची बाई मान न हलवता तिच्याकडंच बघत होती.

"हे मला कोचनं सांगितलं होतं," ती पुटपुटली.

"सांगून कळत नाही गं. मलाही काकूंनी आधीच सांगितलं होतं."

गुरुवारी रात्री जेवताना मी तिला वरण वाढायला लावलं. अट अशी, की ज्याला वाढायचं त्याच्याकडं बघायचं नाही. पहिली पळी बरोबर माझ्या भातावर. दुसरी तिच्या आईच्या. तिसरी जावयांच्या मांडीवर.

"आई, हे काय चाललंय?" लेकीनं मला विचारलं.

"प्रॅक्टिस," जावई मांडी पुसत म्हणाले. "तिसरा चेंडू जरा आखूड पडला."

लेक हसली नाही. तिनं ताटाकडं बघत विचारलं, "आणि उद्या नाही जमलं तर? ही आठ दिवस खोलीतनं बाहेर येणार नाही. परीक्षा तोंडावर आहे. मला ते बघवत नाही, म्हणून मी क्लास म्हणते." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गणिताचा क्लास हे माझ्या लेकीचं आपलं ढाल धरणं होतं. पोरगी आडवी पडायच्या आधीच तिला उचलून आत न्यायचं.

शुक्रवारी मैदानावर बोचरा वारा होता. मैदान शहराबाहेर, दुखानच्या रस्त्याला, खोटं हिरवं गवत आणि पलीकडं खरं पिवळं वाळवंट. मी माझी घडीची खुर्ची थेट रेषेवर लावली. जावई माझ्या शेजारी उभे. लेक गाडीतच बसली, मला बघायचं नाही म्हणून.

पहिला चेंडू नातीनं उजवीकडं बघत डावीकडं टाकला आणि तो झेलला गेला. मी खुर्चीतून उठले. दुसराही बरा गेला. मग समोरच्या मुलींपैकी एक वाऱ्यासारखी सुटून तिच्यावर येऊ लागली. या प्रकारात पुढं पाच जाडे नसतात, हे मी विसरलेच होते. नात गडबडली. तिची फीत ओढली गेली. पुढच्या वेळी घाईत टाकलेला चेंडू समोरच्या मुलीनं झेलला.

आणि नातीनं माझ्याकडं बघितलं.

मी लगेच पर्स उजवीकडं हलवली, म्हणजे उजवीकडची मुलगी मोकळी आहे. पुढच्या चेंडूआधी तिनं परत माझ्याकडं बघितलं. मी पदर डावीकडं उडवला. आता खरं सांगायचं तर कुठली मुलगी मोकळी आहे ते मला ठार दिसत नव्हतं, चष्म्यावर धूळ होती. पण मी पर्स हलवत राहिले, पदर उडवत राहिले, आणि पोरगी दर वेळी चेंडू हातात यायच्या आधी मैदान सोडून रेषेवरच्या म्हातारीकडं बघत राहिली. मध्यंतराला आमची टीम मागं होती. उंच लेबनानी मुलीनं हातपाय मोकळे करायला सुरुवात केली.

कोचबाई पाण्याची बाटली घेऊन माझ्यापाशी आल्या. माझं इंग्रजी दुखानच्या क्लबात शिकलेलं, त्यामुळं आमचं बरं जमतं. मी विचारलं, "तिला काय हवंय?" मला वाटलं त्या म्हणतील, आणखी सराव.

त्या म्हणाल्या, "मोठ्या लोकांच्या खेळात क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, माहीत आहे? कोच त्याच्या कानात बोलत असतो."

"हो? मग चांगलंच आहे की."

"पण प्रत्येक चाल सुरू व्हायच्या जरा आधी तो रेडिओ बंद होतो. नियमच आहे."

"का?"

"मीही कॉलेजात असताना वडिलांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, त्यानंतरचं सगळं त्या पोराचं." एवढं बोलून त्यांनी माझ्या पर्सकडं बघितलं. फार सौम्यपणे बघितलं.

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणांहून उठवली गेले आहे, पण इतक्या सभ्यपणे कधीच नाही. मी खुर्चीची घडी घातली. जावई म्हणाले, "आई, कुठं निघालात?" मी म्हटलं, चहाला. पार्किंगपाशी करक चहाची गाडी उभी होती, तो घट्ट, वेलदोड्याचा इथला चहा. तिच्या पलीकडं मी खुर्ची मांडली, मैदानाकडं पाठ करून. समोर नुसती वाळू आणि दूरवर विजेचे खांब.

ज्या बाईनं कुणाच्या लग्नाची पत्रिका न उघडता ठेवली नाही, तिला पाठ करून बसणं म्हणजे काय हे फक्त तिलाच ठाऊक. मागं शिट्टी वाजायची. आरडाओरडा व्हायचा. कुठल्या बाजूचा, कळायचं नाही. आनंदात आणि धसक्यात मुली एकाच पट्टीत ओरडतात, हा शोध मला त्या दिवशी लागला.

आमच्या गाडीचं दार वाजलं. लेक बाहेर आली.

"तू इथं काय करतेस? मॅच संपली?"

"चालू आहे."

"मग बघत का नाहीस?"

"मी बघितलं की ती माझ्याकडं बघते."

लेक चहावाल्याकडं वळली. तिनं एक चहा घेतला, दोन घोट घेतले. मग शिट्टी झाली तशी तिनं मान वळवली. मग टाचा उंचावल्या. मग मला कागदी पेला धरायला दिला आणि आमच्या गाडीच्या पायरीवर चढून उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांब ना."

"अगं, काय झालं ते तरी सांग."

"फेकला तिनं. लांब. आई, फार लांब फेकला. झेलला. ती कुरळ्या केसांची, तिनं झेलला." थोड्या वेळानं, "आता तिच्या अंगावर येतायत. पळ ना, पळ." मग, "खाली पडली. नाही, उठली. एकटीच उठली." माझ्या लेकीचा आवाज मी असा तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी वाळूकडं बघत दोन्ही हातांत दोन पेले धरून बसले होते आणि माझ्या नाकाला खाज सुटली होती.

मग मोठी आरोळी उठली आणि लेक गप्प झाली.

"बोल की."

"शेवटचा चेंडू," ती पायरीवरून उतरत म्हणाली, "त्यांनी घेतला."

नात आली तेव्हा तिच्या गुडघ्यांना काळे रबराचे कण चिकटले होते. डोळे लाल होते, पण रडलेले की वाऱ्याचे, ते मी विचारलं नाही. एवढं न विचारणं एका दिवसात मला झेपणारं नव्हतं, तरी केलं.

"हरलो," ती म्हणाली. आणि हे मराठीत म्हणाली, शप्पथ. "थोडक्यात हरलो."

"आणि कोच?" तिच्या आईनं विचारलं. माझ्याआधी तिनं विचारलं.

नातीनं तिची बाटली उघडली, प्यायली, झाकण लावलं. ही सवय तिच्या आजोबांची; ऐकणाऱ्याला टांगून ठेवायचं. "म्हणाल्या, शेवटचा चेंडू बरोबर मुलीसाठी होता. ती मोकळी होती. मी तिला बघितलं, पण तिच्याकडं बघत राहिले नाही. फक्त हात कमी पडला."

"मग?"

"म्हणाल्या, हात वाढेल. पुढच्या शुक्रवारी मीच."

लेकीनं तिच्या गुडघ्यांवरचे कण झटकायला सुरुवात केली. वाकलेल्या अवस्थेतच म्हणाली, "क्लास शनिवारी होतो का ते विचारते." जावई डिकीत खुर्ची ठेवत होते, ते डिकीतच हसले.

टीव्हीवरच्या त्या पोराचं काय होईल, मला माहीत नाही. या आठवड्यातही तो कडेलाच होता, टोपी घालून. नात म्हणते त्याची टीम पुन्हा कोच बदलणार. सूटवाले म्हणतात त्याचं संपलं. मला वाटतं, त्याला कुणीतरी एक पूर्ण हिवाळा मीठ वाढायला द्यायला हवा होता, आणि पुढं पाच चांगले जाडे. पण मला कोण विचारतं, आणि मी तरी त्याच्या किती चाली बघितल्या आहेत. बघत राहीन म्हणते.

परतताना गाडीत नात मागं माझ्या शेजारी बसली होती. बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली, "आज्जी, पुढच्या शुक्रवारी ये तू. पण चहाच्या गाडीपाशीच बस. वाळूकडं तोंड करून."

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

इतकी वर्षं या देशात काढलेल्या बाईच्या तोंडी त्या शब्दात पळवाटेला किती जागा असते ते माझ्या नातीला पाळण्यापासून ठाऊक आहे. तिनं माझी पर्स माझ्या मांडीवरून उचलली आणि पुढच्या सीटवर आईकडं दिली.